बालाघाटातील बालमैत्रीची मोजदाद

परमुलखात घडलेली मानसशास्त्रीय कसोटी नुसती भाषांतरित करून भागत नाही, ती येथल्या मुलांवर पुन्हा पारखून घ्यावी लागते, हा विचार मराठीत नवा नव्हे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिने यांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी सिद्ध केल्या, तेव्हा कोणता प्रश्न कोणत्या वयास साजेसा, याचा निवाडा त्यांनी परकीय कोष्टकांवर न सोपविता येथल्या मुलांच्या उत्तरांवरून केला; त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. परंतु हा उद्योग मुंबई इलाख्यातला. बालाघाटाच्या डोंगररांगेतला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या अमलात होता, दप्तराची भाषा उर्दू होती, आणि अंबाजोगाई सरकारी कागदांत मोमिनाबाद म्हणून नांदत होती. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापकपद स्वामी रामानंद तीर्थांनी सांभाळले, पण मुले मोजण्याची चैन त्या काळच्या शाळांना कुठली परवडायला!

पुढे १९५० नंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, १९७२च्या दुष्काळाने बालाघाटाची कोरडवाहू शिवारे होरपळली, आणि पाटोदा, आष्टी, धारूर या बाजूंची माणसे मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन दरसाल ऊसतोडीला जाऊ लागली. नवराबायको मिळून एक कोयता, असा या धंद्याचा हिशेब असल्यामुळे आईही फडात जाते, आणि मूल एकतर आजीपाशी गावी राहते, नाहीतर बैलगाडीत बसून कारखान्याच्या तळावर पोहोचते. तेथे कोप्यांच्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांच्या, रांगेत त्याचे सवंगडी निराळे, बहुधा परगावचे, कित्येकदा परतालुक्यातले. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच खेळायचे, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधू लागायचे, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम सरला, की ही सारी मैत्री मोडून गावच्या वर्गात पुन्हा जागा शोधायची.

अशी मैत्री मोजू जावे, तर परमुलखातल्या कसोटीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. इंग्लंडातील रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पंचवीस विधानांच्या प्रश्नावलीत पाच विधाने समवयस्कांच्या संबंधांविषयी आहेत, आणि पालकांनी वा शिक्षकांनी मुलाचे गेल्या सहा महिन्यांतले वर्तन स्मरून उत्तर द्यावे अशी तिची सामान्य रीत आहे. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच! चैत्रात परतलेल्या मुलाबद्दल शिक्षकाने काय स्मरावे, जेव्हा त्या सहा महिन्यांत मूल त्याच्या हजेरीपटावर नावापुरतेच होते? त्याने ‘एकलकोंडा’ असा शेरा मारला, तर तो मुलाच्या स्वभावाचा दाखला नसून गैरहजेरीची नोंद असण्याचाच संभव अधिक. विश्वसनीयता तपासण्यासाठी तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेण्याचा प्रघात आहे. तथापि त्या दोन वेळांच्या मध्ये दसरादिवाळी येऊन टोळी निघून गेली, तर उत्तरांतील तफावत प्रश्नावलीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण बदललेले असतात ते सोबती.

म्हणून माझ्या मते या जिल्ह्यातील पारख भाद्रपदात एकदा आणि फाल्गुनात थेट तळावर एकदा व्हावी. मागे हंगामी वसतिगृहात वा आजीपाशी राहिलेल्या मुलांचा तक्ता वेगळा ठेवावा. आणि तळावरच्या मुलाविषयी विचारायचे ते शेजारच्या कोपीतल्या बाईला विचारावे, कारण तेथे त्याला रोज खेळताना पाहणारी तीच.