प्रस्तावना : रॉक संगीताची चितारलेली कव्हरे

रॉक संगीताच्या रेकॉर्डांवर हाताने काढलेल्या चित्रांचा अभ्यास मराठीत करायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो आपला त्यांच्याशी संबंध काय, हा. लंडनच्या चित्रकाराने लंडनच्या बँडसाठी केलेले काम मिरज-पंढरपूर रस्त्यावरच्या कवठे महांकाळात बसून कशासाठी पाहायचे? उत्तर एका कव्हरावरच आहे.

डिसेंबर 1967 मध्ये जिमी हेंड्रिक्सच्या बँडची ‘अ‍ॅक्सिस : बोल्ड अ‍ॅज लव्ह’ ही रेकॉर्ड ब्रिटनमध्ये निघाली. तिच्या कव्हरावर आपले विश्वरूपदर्शन आहे. अनेक मुखांचा, अनेक हातांचा विराट पुरुष, भोवती देवदेवतांची दाटी आणि ऐन मध्यावर हेंड्रिक्स, नोएल रेडिंग आणि मिच मिचेल यांचे चेहरे. डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ या दोघांनी भारतीय छापील देवचित्र घेतले आणि कार्ल फेरिसने टिपलेल्या छायाचित्रावरून हे चेहरे त्यात रंगवून बसवले. हेंड्रिक्सला ही कल्पना फारशी रुचली नव्हती. आपल्या घराण्यात अमेरिकेतल्या आदिवासींचा वारसा आहे, त्याचे चित्र असते तर अधिक बरे झाले असते, असे त्याचे म्हणणे होते. तरी हे कव्हर रॉकच्या इतिहासात कायमचे बसले.

ज्या छापील देवचित्रांच्या परंपरेतून हे कव्हर आले, तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला आहे. पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा सुरू झाली. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे जर्मनीहून आणलेल्या दगडांवर चित्र उतरवत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि एकावर एक रंग चढवत चित्र पुरे होई. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केले. नंतरच्या पिढीत रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल या मूळ गोव्याच्या दोन चित्रकारांनी कॅलेंडरे आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे रंगवली, ती घरोघर पोचली. अशा चित्रांवर वाढलेल्या डोळ्याला हेंड्रिक्सचे कव्हर परके वाटण्याचे कारण नाही. त्याची मांडणी, ती दाटी, मधल्या आकृतीवर खिळणारी नजर, हे सगळे आपण देवघराच्या भिंतीवर पाहिलेले असते.

याहून मागे जाता येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये रागमाला चित्रे काढली गेली आणि त्यांतल्या काही चित्रांचा संबंध अभ्यासक अहमदनगरच्या निजामशाहीशी जोडतात. राग कानाने ऐकायचा, पण त्याची वेळ, ऋतू, विरह किंवा शृंगार चित्रकाराने रंगांत उभा केला. अनेक चित्रांत वरच्या पट्टीत त्या रागाचा संस्कृत श्लोकही आहे. म्हणजे संगीताला चित्र द्यायचे आणि वर नाव लिहायचे, ही गोष्ट आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी होऊन गेली आहे. रॉकच्या कव्हराने ती बाजारात आणली आणि लाखो प्रतींत छापली, एवढा फरक आहे; पण तोही लहान नाही.

रेकॉर्डला चित्र नेहमीच होते असे नाही. 78 फेऱ्यांच्या तबकड्या साध्या कागदी पाकिटात येत आणि लेबल दिसावे म्हणून पाकिटाला मध्ये भोक असे. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्याही अशाच पाकिटांतून लोकांनी घरी नेल्या. 1930च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोलंबिया कंपनीत लागलेल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या विशीतल्या तरुणाने कव्हरावर चित्र छापण्याचा आग्रह धरला आणि विक्री वाढलेली पाहून कंपनीने तो मानला. 1948 मध्ये त्याच कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, आणली आणि चित्रकाराला फुटाहून थोडा मोठा चौरस मिळाला.

हा चौरस समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. दुकानात रेकॉर्डा खोक्यात उभ्या लावलेल्या असतात आणि गिऱ्हाईक वरून एकेक चाळत जाते, म्हणून बँडचे नाव बहुधा वरच्या भागात येते. मूळ चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठे काढले तर लहान होताना रेषा घट्ट होते. कडेला काही मिलिमीटर रंग जास्तीचा सोडावा लागतो, नाहीतर कापताना पांढरी किनार राहते. कव्हर उघडणारे असेल तर पुढचे आणि मागचे चित्र मिळून एक आडवा पट होतो आणि मधली घडी नेमकी एखाद्या चेहऱ्यावर येणार नाही हे पाहावे लागते. अक्षरे चित्रकाराने स्वतः काढली की ती चित्राचाच भाग होतात. गाणी ऐकून, कधी अर्धवट ध्वनिमुद्रण ऐकून, कच्ची रेखाटने काढायची, ती बँडला, व्यवस्थापकाला आणि कंपनीला दाखवायची आणि तिघांच्या तीन मतांतून चित्र वाचवायचे, हे काम रंगकामापेक्षाही अवघड असते. या पुस्तकातल्या प्रत्येक चित्रामागे अशी ओढाताण आहे. ती ध्यानात ठेवून पाहिले तर चित्रकाराची खरी किंमत कळते.

1966 मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’साठी क्लाउस फोरमनने शाईच्या रेषांत चार चेहरे काढले आणि त्यांच्या केसांत छायाचित्रांचे तुकडे चिकटवले. फोरमन स्वतः बेस गिटार वाजवणारा होता. त्या कव्हराला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’च्या कव्हरावर आकृत्यांची गर्दी उभी केली. त्या गर्दीत योगानंद आणि त्यांच्या गुरुपरंपरेतले साधू आहेत, गांधीजी मात्र नाहीत. त्यांची आकृती ठरली होती, पण भारतात भावना दुखावतील या भीतीने कंपनीच्या प्रमुखाने ती काढायला लावली. कव्हर कोणत्या बाजारात विकले जाणार याचा विचार चित्रात किती खोल शिरतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत मोठे चित्र बॅरी गॉडबरचे आहे. किंग क्रिम्सनच्या 1969च्या पहिल्या रेकॉर्डसाठी त्याने तोंड उघडून किंचाळणारा एक चेहरा रंगवला आणि पूर्ण कव्हर त्या चेहऱ्याने भरून टाकले. बाहेर बँडचे नाव नाही, रेकॉर्डचेही नाही. गाण्यातली एकही घटना त्यात दाखवलेली नाही, तरी गाणे ऐकताना तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. गॉडबर 1970 मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. त्याने केलेले रेकॉर्डचे कव्हर हे एवढेच.

रॉजर डीनची वाट वेगळी. ‘येस’ या बँडसाठी त्याने 1971च्या ‘फ्रॅजाइल’पासून तरंगती बेटे, खडकांच्या कमानी आणि कुठल्याच नकाशावर नसलेले प्रदेश रंगवले, ऐकणाऱ्याला राहायला एक मुलूख मिळाला. डेरेक रिग्जने 1980 मध्ये आयर्न मेडनला एडी हे पात्र दिले. चित्र आधीच काढून ठेवलेले होते, बँडच्या सांगण्यावरून त्याला केस वाढवले गेले आणि पुढे वर्षानुवर्षे तो एडी नव्या नव्या सोंगात येत राहिला. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या भूमीतल्या वाचकाला पात्र आणि सोंग यांचे बळ वेगळे सांगायला नको.

आपल्या चित्रांचा वापर दुखावणाराही झाला. 1997 मध्ये एअरोस्मिथच्या ‘नाइन लाइव्ह्ज’च्या कव्हरावर कालियामर्दनाचे चित्र मोडतोड करून वापरले, कृष्णाच्या तोंडाच्या जागी मांजराचे तोंड बसवले. हिंदू संघटनांनी निषेध केला, कंपनीने माफी मागितली आणि कव्हर बदलले. हेंड्रिक्सच्या कव्हरावर 1967 मध्ये असा गदारोळ झाला नव्हता. दोन्ही प्रसंगांत माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. मूळ चित्र कोणाचे, हे कव्हर हातात घेणाऱ्याला सांगितले गेले नाही. भारतीय छापील चित्र म्हणजे मालक नसलेली वस्तू, असे धरून ते उचलले गेले. रविवर्मा, मुळगावकर, दलाल यांच्या सह्या चित्राच्या कोपऱ्यात असत आणि त्या वाचण्याची सवय अभ्यासकाने लावून घेतली पाहिजे.

हा दोष आपल्या घरातही आहे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरेही केली, म्हणून त्यांची नावे राहिली. किर्लोस्करवाडीच्या मासिकांचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, म्हणून तिथे चित्रांना मान होता. पण आमच्या भागात दुकानांच्या पाट्या, जत्रेतल्या तंबूंचे फलक, बँडपथकांच्या गाड्या ज्यांनी रंगवल्या, ते पेंटर फ्लेक्स आल्यावर बाजूला पडले आणि त्यांच्या कामाची नोंद कुठेच झाली नाही. मराठी गाण्यांच्या रेकॉर्डा आणि कॅसेटांची कव्हरे करणाऱ्यांचीही हीच गत आहे. भारतात रॉकच्या रेकॉर्डा निघाल्याच नाहीत असे नाही. ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडांच्या एलपी 1970 आणि 1971 मध्ये निघाल्या. त्यांतला गायक कोण हे शोधणारे भेटतात, चित्रकार कोण हे विचारणारा क्वचित.

आता कव्हर मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढे दिसते. गॉडबरचा चेहरा तिथेही टिकतो, डीनचे प्रदेश मात्र हरवतात. म्हणून या पुस्तकातली चित्रे शक्य तेवढ्या मोठ्या आकारात छापली आहेत. ती पाहताना सोबत गाणे लावा. आधी चित्र पाहून मग ऐका, आणि दुसऱ्या वेळी उलट करा.

आणि एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, कपाटात, बंद पडलेल्या दुकानात जुन्या रेकॉर्डा किंवा कॅसेटा असतील तर तबकडी खराब झाली म्हणून कव्हर टाकू नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, कोपऱ्यातली सही आणि तळाची बारीक अक्षरे वाचून उतरवून घ्या. गावात बोर्ड रंगवणारे जुने पेंटर असतील तर त्यांच्याकडे जा, त्यांनी काय काय रंगवले ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या आणि ती वही गावच्या वाचनालयात ठेवा.