तंबू, ओझं आणि मोसम : हिंगणघाटला थांबलेला सर्वेक्षणाचा तळ



नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात की साधारण ७५ किलोमीटरवर हिंगणघाट लागतं. कापसाची बाजारपेठ म्हणून आपण हे गाव ओळखतो. इथेच २० जानेवारी १८२३ रोजी, प्रवासातल्या मुक्कामी, विल्यम लॅम्बटन हा सर्वेक्षक वारला. वय सत्तरीच्या आसपास, खोकल्याने बेजार, तरीही तो वाटेवर होता. कारण त्याला आपलं मुख्यालय हैदराबादहून नागपूरला हलवायचं होतं. त्याची कबर हिंगणघाटातच आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करतोय, आम्हाला याचं काय? सांगतो. सिनॉप्सिस लिहिताना 'संशोधन पद्धती' या प्रकरणात आपण उपकरण लिहितो, सूत्र लिहितो, नमुन्यांची संख्या लिहितो. तिथे जायचं कसं, राहायचं कुठे, सामान किती न्यायचं, कोणत्या महिन्यात जायचं, हे सगळं 'व्यवस्था' म्हणून बाजूला ठेवतो. लॅम्बटनचं काम बघितलं की कळतं, ही व्यवस्था पद्धतीचाच भाग असते. कधीकधी तर उत्तर बरोबर येणार की चूक, हेही तीच ठरवते.

थोडी पार्श्वभूमी. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ लॅम्बटनने पहिली आधाररेषा मोजायला घेतली. एक बाजू नेमकी मोजायची, मग फक्त कोन मोजत त्रिकोणामागून त्रिकोण जोडत जायचं, अशी ही रीत. उद्देश दोन : देशाच्या नकाशाला पक्का सांगाडा देणं आणि पृथ्वीचा आकार काढणं. कंपनी सरकारला नकाशा हवा होता, तो राज्य चालवण्यासाठी. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला, नागपूरचा कारभार ब्रिटिश रेसिडेंटच्या हाती गेला आणि सर्वेक्षणाला उत्तरेकडची वाट मोकळी झाली. १८१८ मध्ये या कामाला 'ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे' हे नाव मिळालं. म्हणजे विज्ञान आणि सत्ता एकाच तळावर मुक्कामाला होत्या, हे विसरून चालणार नाही.

तंबू कशासाठी?

राहायला, हे तर झालंच. पण आधाररेषेवर तंबू माणसांपेक्षा साखळीसाठी जास्त महत्त्वाचा होता. साखळी स्टीलची, १०० फूट लांब. ती लाकडी पेट्यांमध्ये सरळ ठेवायची, शेजारी थर्मामीटर ठेवायचे आणि वर सावली धरायची. का? जरा हिशेब करून बघू.

१०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर. स्टील दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या साधारण १२ दशलक्षांश एवढं वाढतं. तापमानात १० अंशांचा फरक पडला, तर एका साखळीमागे साडेतीन मिलिमीटरच्या थोडं वर. किरकोळ वाटतं ना? पण मद्रासची आधाररेषा होती साडेसात मैल, म्हणजे जवळपास ४०० साखळ्या. एकूण चूक जवळजवळ दीड मीटर. आणि पुढचे सगळे त्रिकोण याच रेषेवर उभे, त्यामुळे चूकही त्याच प्रमाणात वाढत जाणार : १,००० किलोमीटरवर सुमारे १२० मीटर.

थर्मामीटर वाचून दुरुस्ती करता येते, हे खरं. पण थर्मामीटर दाखवतो ते तापमान आणि उन्हात पडलेल्या पोलादाचं तापमान एकच असेल, याची खात्री सावलीशिवाय देता येत नाही. म्हणून तो तंबू उपकरणाचाच भाग होता. ती एक रेषा मोजायला ५७ दिवस लागले.

ओझं

कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा. वर्तुळ तीन फूट व्यासाचं, त्यावर बारीक खुणा कोरलेल्या. हे धूड माणसांच्या खांद्यावरून रानातून न्यायचं आणि दूरवरचं दिसावं म्हणून डोंगरावर, नाहीतर एखाद्या उंच इमारतीवर चढवायचं. दक्षिणेच्या सपाट मुलखात डोंगर नसले की देवळांची गोपुरं कामी येत.

१८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना दोर तुटला, उपकरण भिंतीवर आदळलं आणि वर्तुळ वाकडं झालं. दुसरा मागवायचा तर इंग्लंडहून, समुद्रमार्गे. लॅम्बटनने तंबूतच कारखाना मांडला आणि सुमारे सहा आठवडे खपून वर्तुळ पुन्हा आकारात आणलं. पुढची कित्येक वर्षं त्याच दुरुस्त उपकरणाने काम चाललं. यातून घ्यायची गोष्ट सरळ आहे : जे उपकरण फील्डवर खोलता आणि दुरुस्त करता येत नाही, त्याचं वजन कागदावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त धरा.

मोसम

सगळ्यात अवघड निर्णय हाच होता. उन्हाळ्यात हवेत धूळ आणि झळा, दूरचा झेंडा दिसत नाही. पावसाची सर येऊन गेली की हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते आणि लांबचं ठिकाण लख्ख दिसतं. निरीक्षणासाठी पावसाळा उत्तम! पण जंगलात तळ ठोकायला तोच सगळ्यात वाईट.

१८१९ च्या पावसाळ्यात लॅम्बटनचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात काम करत होता. तापाने जवळजवळ सगळी तुकडी आडवी झाली. त्यांना परत आणायला हैदराबादहून हत्ती आणि पालख्या पाठवाव्या लागल्या. काही जण वाचलेच नाहीत. एव्हरेस्टला पुढे प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, पाठवावं लागलं.

परतल्यावर त्याने वेगळी वाट धरली. दिवसा झेंडा बघण्याऐवजी रात्री दिवा बघायचा. मातीच्या भांड्यात तेलात भिजवलेली सरकी पेटवायची, वर दुसरं भांडं पालथं घालून एका बाजूने उजेड सोडायचा. आपल्या कापसाच्या मुलखात सरकीला काय तोटा! रात्री हवेच्या थरांमुळे प्रकाशकिरण जास्त वाकतात, म्हणून दिवसा क्षितिजाआड राहणारं ठिकाणही दिव्यामुळे दिसू शकतं. आता पावसावर अवलंबून राहायची गरज उरली नाही; कोरड्या, थंड दिवसांत काम करता येऊ लागलं.

बघा, पद्धत बदलली ती एखाद्या नव्या सूत्रामुळे नाही. तळावर माणसं मरत होती आणि काम ठप्प होत होतं, म्हणून बदलली. तुम्ही फक्त अंतिम आकड्यांचे तक्ते वाचलेत तर हा बदल दिसेल, पण त्याचं कारण दिसणार नाही. ते सापडतं आजाऱ्यांच्या नोंदींत, खर्चाच्या हिशेबात, मदत मागणाऱ्या पत्रांत.

आणखी एक गोष्ट दिसत नाही : माणसं. १८३० च्या दशकात एव्हरेस्टच्या तळाबरोबर ४ हत्ती, ४२ उंट, ३० घोडे आणि सुमारे ७०० पायी चालणारी माणसं असत, असं सांगितलं जातं. ओझं वाहणारे, झाडं तोडणारे, डोंगरावर रात्रभर दिवा तेवत ठेवणारे खलाशी. दिवा जागेवरून हलला असता किंवा विझला असता, तर कोन मिळालाच नसता. शिखराला नाव एव्हरेस्टचं मिळालं. दिवा धरणाऱ्यांची नावं बहुतेक कुठेच नाहीत.

मग तुम्ही काय कराल?

एक, वेळापत्रक करताना आधी मोसम ठरवा, मग नमुन्यांची संख्या. मेळघाटात किंवा गडचिरोलीत पावसाळ्यात जायचं असेल, तर 'डेटा चांगला मिळतो' एवढं कारण पुरेसं नाही. बरोबरच्या माणसांना त्याची काय किंमत मोजावी लागेल, तेही गाईडसमोर मांडा.

दोन, सामानाची यादी करताना प्रत्येक वस्तूसमोर लिहा : ही कोण उचलणार आणि बिघडली तर तिथल्या तिथे काय करणार?

तीन, फील्ड डायरीत फक्त वाचनं लिहू नका. तंबू कुठे होता, ऊन कुठून येत होतं, कोण आजारी होतं, मोजमाप कोणी घेतलं, तेही लिहा. दोन वर्षांनी एखादा आकडा विचित्र दिसला की याच ओळी कामी येतात.

चार, वाट दाखवणाऱ्याचं, ओझं उचलणाऱ्याचं नाव त्याची परवानगी घेऊन प्रबंधात नोंदवा. शेवटच्या पानावरच्या आभारात नको, पद्धतीच्या प्रकरणातच, त्याने केलेल्या कामासकट.

पाच, कधी थांबायचं हे निघण्याआधी ठरवा. किती जण आजारी पडले की परतायचं, हा आकडा कागदावर असू द्या. तळावर पोचल्यावर 'अजून एकच वाचन' हा मोह फार मोठा असतो.