आणीबाणीच्या डिस्कला लहान कर्नल का नको

संगणक सुरू होईनासा झाला की लावायची पेनड्राइव्ह स्वतः घडवावी आणि तिच्यातला कर्नल होईल तितका लहान ठेवावा, हे मत संगणकवाल्यांत जवळपास सर्वमान्य आहे. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये ते विशेष रुजावं यात नवल नाही. मायक्रोचिपचं मुख्यालय याच गावात, एनएक्सपीचा कारखाना इथेच आणि इंटेलचा ओकोटिलो परिसर गावाच्या दक्षिणेला. मायक्रोकंट्रोलरच्या काही किलोबाइटांत अख्खा प्रोग्राम बसवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना बाइट वाचवणं हाच कामाचा शिरस्ता वाटणार. या मंडळींत मराठी इंजिनिअरही आहेत. त्यांचं म्हणणं हलकं नाही, म्हणून आधी ते पुरतं मांडतो.

कोड जितका कमी तितक्या चुका कमी. लहान कर्नल झटकन बूट होतो, थोड्या मेमरीत मावतो आणि त्यात काय आहे हे घडवणाऱ्याला तोंडपाठ असतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. उलट एसईएलफोर हा सुमारे दहा हजार ओळींचा सूक्ष्म कर्नल, आणि त्याची अचूकता २००९ साली गणिताने सिद्ध करून दाखवली गेली. मग प्राणावर बेतलेल्या वेळी विश्वास कोणावर ठेवायचा?

या मताला इतिहासाचंही पाठबळ आहे. ब्रूस पेरेन्स यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात बिझीबॉक्स लिहिलं ते डेबियनच्या फ्लॉपीत सगळी अवजारं मावावीत म्हणून. टॉम ओहसर यांच्या ‘टॉम्सआरटीबीटी’ची करामत तर आजही थक्क करते. फ्लॉपीवर रिवाजाप्रमाणे ८० ट्रॅक आणि ट्रॅकमागे १८ सेक्टर असत. त्यांनी ८२ ट्रॅक आणि २१ सेक्टर पाडून १४४० किलोबाइटांच्या जागी १७२२ मिळवले आणि तेवढ्यात बूट होणारं अख्खं लिनक्स बसवलं. मात्र त्या काळी लहान असणं ही अट फ्लॉपीने घातली होती, संकटाने नव्हे. फ्लॉपी गेली, अट सुटली, सवय तेवढी उरली.

एसईएलफोरची २००९ची सिद्धता एका ठरावीक एआरएम प्रोसेसरसाठी होती आणि हार्डवेअर बरोबर चालतं हे तिचं गृहीतक होतं. मायक्रोकंट्रोलरचंही तेच. सर्किट बोर्ड तुमचा, चिप तुमची, तिची प्रत्येक पिन तुमच्या माहितीची. आणीबाणीची डिस्क नेमकी कोणत्या यंत्रात जाणार हे मात्र ती घडवताना ठाऊक नसतं, आणि ज्या यंत्रात ती जाते ते निम्मं मोडलेलं असतं. ठाऊक असलेल्या हार्डवेअरसाठी जो गुण, तोच अनोळखी हार्डवेअरपुढे दोष ठरतो. या वादाचं मर्म मला इथे दिसतं.

उदाहरण चँडलरच्याच ओळखीचं घेऊ. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत व्हीएमडी ही सोय कारखान्यातूनच चालू असते. तिच्यामुळे एनव्हीएमई डिस्क थेट पीसीआयच्या यादीत दिसत नाही, ती व्हीएमडी कंट्रोलरच्या आड राहते. लिनक्समध्ये याचा ड्रायव्हर २०१६पासून आहे. पण ‘टायनीकॉन्फिग’ या कर्नलच्या किमान मांडणीपासून सुरुवात करून हातानं एकेक ड्रायव्हर जोडत गेलेल्याला तो आठवायला हवा. तो विसरला तर काय होतं? पेनड्राइव्ह सुरेख बूट होते, प्रॉम्प्ट येतो, एनव्हीएमईचा ड्रायव्हरही हजर असतो, आणि ‘एलएसब्लॉक’ विचारल्यावर यादीत फक्त पेनड्राइव्हच दिसते. चूक झाल्याचा एकही संदेश नाही. समोरचा माणूस डिस्क मेली असं समजतो, नवी मागवतो, आणि धडधाकट डिस्कवरचे मुलांचे फोटो कचऱ्यात जातात. काही मॅकबुकांचा कीबोर्ड एसपीआयवर जोडलेला असतो. त्याचा ड्रायव्हर राहून गेला तर प्रॉम्प्ट येऊनही काही टाइप करता येत नाही.

यावर ठरलेला सल्ला ‘लोकलमॉडकॉन्फिग’चा. ही सोय चालू यंत्रात त्या क्षणी जे मॉड्यूल वापरात असतील तेवढेच निवडते. रोजच्या यंत्रासाठी ती उत्तम आहे. पण आणीबाणीच्या डिस्कसाठी तीच निवड म्हणजे धडधाकट यंत्राच्या मापाने आजारी यंत्राचं औषध ठरवणं झालं.

ड्रायव्हर जास्त म्हणजे धोका जास्त, हा आक्षेपही टिकत नाही. मॉड्यूल पेनड्राइव्हवर नुसतं पडून असतं. हार्डवेअर आपली ओळख सांगतं, ती जुळली तरच ते मेमरीत येतं. न चढलेल्या मॉड्यूलची एकही ओळ चालत नाही. काहीशे एमबी मॉड्यूल आज सर्वांत स्वस्त पेनड्राइव्हवरही सहज मावतात.

सिक्युअर बूटची अडचण याहून मोठी. घरी कंपाइल केलेल्या कर्नलवर त्या यंत्राला मान्य असलेली सही नसते, म्हणून फर्मवेअर तो नाकारतं. सिक्युअर बूट बंद केलं की टीपीएम चिपमधली नोंद बदलते आणि विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, तेव्हा उपाय एक फाइल पुसण्याएवढा सोपा होता. मायक्रोसॉफ्टने लगोलग यूएसबीवरून चालणारं साधन दिलं. त्याचा पाया असलेलं विन-पीई अतिसूक्ष्म म्हणता येणार नाही. कर्नल मोठा म्हणून कोणाचं अडलं नाही. बिटलॉकर असलेल्या यंत्रांशी मात्र माणसं ४८ अंकी की शोधत बसली.

स्वतः कर्नल कंपाइल करूच नये असं मी म्हणत नाही. ‘टायनीकॉन्फिग’पासून एकदा चढत गेलेल्याला बूट होणं म्हणजे काय ते जितकं कळतं, तितकं कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. पण ती शाळा झाली. प्रत्यक्ष डिस्कवर एखाद्या मोठ्या वितरणाचा सही असलेला कर्नल त्याच्या सगळ्या मॉड्यूलांसकट घ्यावा, आणि काटकसर दुसरीकडे करावी: डिस्क न विचारता जे जे करते त्यात.

चँडलरमध्ये जुलै-ऑगस्टच्या मान्सूनमध्ये धुळीची वादळं येतात आणि वीज जाते. घरातला फायलींचा सर्व्हर धाडकन बंद पडतो. अशा वेळी एक्स्टफोर फाइल सिस्टीम ‘फक्त वाचण्यासाठी’ म्हणून माउंट केली, तरी कर्नल आधी जर्नल पुन्हा चालवतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. हे अनेक अनुभवी लोकांनाही ठाऊक नसतं. ‘नोलोड’ सांगितलं तरच ते टळतं. एक्सएफएसमध्ये त्यासाठी ‘नोरिकव्हरी’. रेड असेल तर जुळणी होताच डिस्कांची फेरजुळवणी सुरू होऊ शकते, आणि निकामी होत आलेली डिस्क त्या वाचना-लेखनातच प्राण सोडते. म्हणून आणीबाणीची डिस्क घडवणाऱ्याने आपली मेहनत बूटच्या स्क्रिप्टमध्ये घालावी. यंत्रातली डिस्क दिसताक्षणी ती ‘ब्लॉकडेव्ह’ने वाचनापुरती करावी, रेड सांभाळणाऱ्या एमडीला ‘स्टार्ट-आरओ’ सांगावं, आपोआप माउंट होणं बंद ठेवावं. मग डीडीरेस्क्यूने आधी चांगले भाग, नंतर खराब भाग अशा क्रमाने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी, आणि ‘एफएसचेक’ चालवायचं ते त्या प्रतीवर.