वूचचे कलासंग्रहालय : गिरणगावाचा सार्वजनिक ठेवा

आधुनिक कलेच्या संग्रहालयांचा इतिहास सांगताना सहसा राजधान्यांचा आणि धनिकांच्या संग्रहांचा उल्लेख आधी येतो. नोव्हेंबर १९२९ मध्ये उघडलेल्या न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयामागे सधन घराण्यांतील तीन स्त्रियांचा पुढाकार होता आणि त्याचा खर्च खासगी देणग्यांतून भागत होता. त्यानंतर अवघ्या सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १९३१ मध्ये, पोलंडमधील वूच या कापडगिरण्यांच्या शहरात युरोपातील अगदी नव्या कलेचा एक संग्रह कायमस्वरूपी लोकांसाठी खुला झाला; त्यामागे मात्र ना कोणी गिरणीमालक होता, ना कोणी संग्राहक. जागा नगरपालिकेची होती आणि कलाकृती कलावंतांनी विनामोबदला दिलेल्या होत्या. पुढच्या दोन दशकांत या संग्रहावर युद्ध आले आणि सरकारी वक्रदृष्टीही आली. तरीही तो टिकला, आणि त्याच्या टिकण्यात तो कोणा एकाच्या मालकीचा नव्हता या गोष्टीचा वाटा फार मोठा आहे.

पोलिश भाषेत वूच या शब्दाचा अर्थ होडी असा होतो आणि शहराच्या मानचिन्हावरही होडीच आहे, पण शहराचे भाग्य पाण्यावर नव्हे तर सुतावर उभे राहिले. १८२० साली, म्हणजे हा प्रदेश रशियन झारच्या आधिपत्याखाली असताना, आठशेहूनही कमी वस्तीच्या या गावाची निवड सरकारने कापडउद्योगाच्या वसाहतीसाठी केली आणि जर्मन प्रदेशांतून विणकरांना जमीन व सवलती देऊन बोलावले. शतकाच्या मध्यास रशिया आणि पोलंड यांच्यामधील जकातीची भिंत पाडली गेली, तेव्हा रशियाची अफाट बाजारपेठ वूचच्या मागांसमोर खुली झाली, आणि पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत वस्ती सुमारे पाच लाखांवर पोहोचली. पोलिश, जर्मन आणि ज्यू अशा तिन्ही समाजांचे हे शहर होते. लाल विटांच्या गिरण्या, त्यांच्या कुंपणाला लागून मालकाचा राजवाडा आणि रस्त्यापलीकडे कामगारांच्या चाळी, अशी त्याची ठेवण होती. व्वादिस्वाव रेमाँट या कादंबरीकाराने १८९९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या कादंबरीत याच शहरातील पैशाच्या हव्यासाचे चित्र रंगवले.

महायुद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला, परंतु रशियाची बाजारपेठ हातची गेली आणि गिरण्यांचा सुवर्णकाळ संपला. १९२७ च्या निवडणुकीनंतर नगरपालिकेची सूत्रे समाजवाद्यांकडे आली आणि ब्रोनिस्वाव झ्येम्येंत्स्की हे नगराध्यक्ष झाले. शाळा, वाचनालये आणि संग्रहालये ही कामगारांच्या शहराची गरज आहे, चैन नव्हे, अशी या मंडळाची भूमिका होती. नगरपालिकेच्या शिक्षण व संस्कृती विभागाचे प्रमुख प्शेत्स्वाव स्मोलिक हे व्यवसायाने वैद्य आणि वृत्तीने ग्रंथप्रेमी होते. काझिमेझ बार्तोशेविच या क्राकूवच्या संग्राहकाने आपला वारशाने आलेला संग्रह शहराला दिला, तेव्हा तो ठेवण्यासाठी जुन्या नगरभवनात १९३० मध्ये नगरपालिकेचे इतिहास व कला संग्रहालय सुरू झाले. नव्या कलेला वूचमध्ये दार मिळाले ते या इमारतीत.

ते दार ठोठावणारा माणूस वूचमध्ये राहतही नव्हता. व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की याचा जन्म १८९३ मध्ये मिन्स्क येथे झाला. महायुद्धात झारच्या सैन्यात अभियंता-अधिकारी असताना १९१६ मध्ये त्याने एक हात आणि एक पाय गमावला, आणि त्यानंतर तो चित्रकलेकडे वळला. क्रांतीनंतरच्या रशियात त्याने चित्रकार काझिमिर मालेविचच्या सहवासात काम केले आणि पुढे कातार्झिना कोब्रो या शिल्पकार पत्नीसह तो पोलंडला आला. वूचपासून जवळ असलेल्या कोलुश्की या रेल्वे जंक्शनच्या गावात हे दांपत्य शिक्षकी करत होते. १९२९ मध्ये त्या दोघांनी, चित्रकार हेन्रिक स्ताझेव्स्की आणि युलियान प्शिबोश व यान ब्झेंकोव्स्की या दोन कवींसह ‘आ. एर.’ नावाचा गट स्थापन केला. या आद्याक्षरांचा अर्थ ‘क्रांतिकारी कलावंत’ असाही लावला जाई आणि ‘खरे अग्रगामी’ असाही. अग्रगामी, म्हणजेच युरोपात अवाँगार्द म्हणून ओळखले जाणारे कलावंत, हे रूढ चित्रणपद्धती मोडून कलेची भाषाच नव्याने घडवू पाहत होते, आणि त्यामुळे त्यांच्या कामाला गिऱ्हाईक मिळणे अवघड होते.

स्त्शेमिन्स्कीच्या योजनेतील चातुर्य यातच होते की त्याने गिऱ्हाइकाची वाटच पाहिली नाही. पॅरिसमध्ये राहणारे ब्झेंकोव्स्की आणि तेथील मंडळींशी ओळख असलेला स्ताझेव्स्की यांनी चित्रकारांना पत्रे लिहून व भेटून प्रत्येकाकडून एखादी कलाकृती मागितली, आणि ती एका सार्वजनिक संग्रहालयात कायमची राहील एवढेच आश्वासन दिले. फेर्नां लेजे, हान्स आर्प, सोफी टॉयबर-आर्प, थिओ व्हान डूसबर्ग, कुर्ट श्विटर्स, माक्स एर्न्स्ट अशा कलावंतांची कामे या मार्गाने वूचला आली. नगरपालिकेचा वाटा पैशापेक्षा वेगळ्या स्वरूपाचा होता : तिने भिंती दिल्या, राखणदार दिले, संग्रहनोंदीच्या वहीत जागा दिली, आणि कलावंतांच्या गटाला स्वतःच्या बळावर कधीच देता आली नसती अशी एक गोष्ट दिली, ती म्हणजे गट मोडला तरी संग्रह मोडणार नाही ही हमी. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत या संग्रहात शंभराहून अधिक कलाकृती जमा झाल्या होत्या.

सार्वजनिक जागेत आलेल्या कलेला सार्वजनिक वादही चुकत नाही. १९३२ मध्ये वूच शहराचा कलापुरस्कार स्त्शेमिन्स्कीला जाहीर झाला, तेव्हा परंपरावादी कलावंतांनी त्याविरुद्ध जाहीर निषेध नोंदवला. मंदीमुळे गिरण्यांतून माणसे कमी होत असताना शहराचा मान अशा चित्रांना का द्यावा, असा प्रश्न त्या काळात विचारला जाणे स्वाभाविक होते. स्त्शेमिन्स्कीच्या बाजूने याचे उत्तर त्याच्या अध्यापनात सापडते : वूचला आल्यावर तो छपाईच्या कामगारांना अक्षररचना शिकवत होता, आणि नव्या चित्रातील मांडणीचे नियम तिकीट, भित्तिपत्रक व पुस्तकाच्या पानापर्यंत पोहोचले तरच त्या कलेचे समाजाशी नाते जुळेल, असे तो मानत होता.

ही कला प्रत्यक्षात कशी होती, हे कोब्रोच्या एका शिल्पावरून कळते. १९२९ मधील ‘अवकाशरचना ४’ हे शिल्प रंगवलेल्या पोलादी पत्र्यांचे आहे. उंची ४० सेंटिमीटर आणि लांबी ६४ सेंटिमीटर, म्हणजे दोन्हींचे प्रमाण ५ : ८. हे प्रमाण कोब्रो आणि स्त्शेमिन्स्की यांनी आपल्या कामाचा पाया म्हणून स्वीकारले होते आणि १९३१ मध्ये दोघांनी मिळून लिहिलेल्या अवकाशरचनेवरील पुस्तकात त्याचे विवेचन केले होते. या शिल्पाला ठोस गाभा नाही. काटकोनात आणि वळणात जोडलेल्या पत्र्यांच्या मधून पलीकडची भिंत दिसते, आणि पाहणारा एक पाऊल सरकला की वेगळ्या रंगाचा पृष्ठभाग समोर येऊन आधीचा नाहीसा होतो. जागा अडवणारे शिल्प न करता जागेलाच आकार देणारे शिल्प करावे, हा तिचा विचार होता. स्त्शेमिन्स्कीच्या चित्रविचाराला युनिझम, म्हणजे एकत्ववाद, असे नाव होते. चित्रात उठाव आणि विरोध यांचे नाट्य नसावे, संपूर्ण पृष्ठभाग एकाच घट्ट पोताचा असावा, असे त्याचे म्हणणे होते. त्याची या काळातील काही चित्रे पाहताना जाड विणीच्या कापडाची आठवण होते.

१९३५ मध्ये संग्रहालयाची धुरा मारियान मिनिख या कलेतिहासकाराकडे आली. त्यांनी मांडणीचा पाया कलावंताचे राष्ट्रीयत्व न मानता शैलींचा विकास हा मानला. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरले, वूच जर्मन राज्याला जोडले गेले आणि पुढच्या वर्षी त्याचे नावही बदलून लिट्समानश्टाट करण्यात आले. नाझी राजवट आधुनिक कलेला ‘ऱ्हासग्रस्त’ ठरवून बाजूला सारत होती, त्यामुळे संग्रहातील काही कामे नष्ट झाली. माणसांची हानी याहून किती तरी मोठी होती : शहरातील सुमारे एक तृतीयांश लोक ज्यू होते, आणि १९४० मध्ये कोंडवाड्यासारख्या वस्तीत बंद केलेल्या या समाजातील फार थोडे जिवंत राहिले. वूचचा अग्रगामी चित्रकार कारोल हिलर १९३९ मध्येच जर्मनांच्या गोळ्यांना बळी पडला. १९४५ च्या थंडीत लहान मुलीसाठी अन्न शिजवायला जळण उरले नाही, तेव्हा कोब्रोने आपली लाकडी शिल्पे चुलीत घातली. त्याच वर्षी स्त्शेमिन्स्कीने आपली आणि कोब्रोची उरलेली बहुतेक कामे संग्रहालयाच्या स्वाधीन केली. ज्या घरात शिल्पाचे सरपण होऊ शकते त्या घरापेक्षा सार्वजनिक कोठार अधिक भरवशाचे, हे त्या कुटुंबाने तोवर सोसून जाणले होते.

युद्धानंतर संग्रहालय माउरित्सी पोझ्नान्स्की याच्या राजवाड्यात आले. माउरित्सी हा शहरातील सर्वांत मोठ्या गिरणीमालकांपैकी एक असलेल्या इझ्राएल पोझ्नान्स्कीचा मुलगा, आणि हा वाडा व्हेनिसच्या प्रबोधनकालीन धाटणीचा होता. मिनिखच्या विनंतीवरून स्त्शेमिन्स्कीने तेथे १९४८ मध्ये ‘निओप्लास्टिक दालन’ उभारले. उभ्या-आडव्या रेषा, लाल, पिवळा व निळा हे तीन मूळ रंग आणि त्यांच्या जोडीला पांढरा, काळा व करडा एवढ्यावरच चित्र उभे करणाऱ्या डच पंथाला निओप्लास्टिसिझम म्हणतात. स्त्शेमिन्स्कीने हे रंग चौकटीतून बाहेर काढून भिंती आणि छतावर आयतांच्या रूपात पसरवले आणि त्यांत व्हान डूसबर्गचे चित्र व कोब्रोची शिल्पे मांडली, त्यामुळे कलाकृती आणि खोली यांतील सीमारेषाच पुसली गेली.

हे दालन फार काळ टिकले नाही. १९४९ मध्ये समाजवादी वास्तववाद, म्हणजे श्रमिकांचे व राष्ट्रउभारणीचे सहज कळेल असे चित्रण, हेच अधिकृत धोरण ठरले. जानेवारी १९५० मध्ये, ज्या कलाविद्यालयाच्या स्थापनेत स्त्शेमिन्स्कीचा हात होता त्यातूनच संस्कृती खात्याच्या आदेशाने त्याला काढण्यात आले, आणि त्याच वर्षी दालनाच्या भिंतींवर रंगाचा हात फिरवून कलाकृती कोठारात रवाना झाल्या. संचालकपदी तेव्हाही मिनिखच होते. कोब्रोचे १९५१ मध्ये आणि स्त्शेमिन्स्कीचे १९५२ च्या डिसेंबरात निधन झाले. सरकारी संस्था सरकारच्या मर्जीने कशी वाकते याचा हा धडधडीत पुरावा आहे. परंतु कामे कोठारात गेली, भट्टीत गेली नाहीत, हेही तितकेच खरे आहे, कारण नोंदवहीत चढलेली वस्तू सार्वजनिक मालमत्ता होती आणि ती दृष्टिआड करणे तिची विल्हेवाट लावण्यापेक्षा सोपे होते.

राजकीय वारे बदलल्यावर संस्थेने आपला वारसा परत हाती घेतला. १९६६ पासून पाव शतक रिशार्ड स्तानिस्वाव्स्की यांनी तिचे संचालन केले, आणि जुना संग्रह हा जगाशी संवादाचा आधार आहे असे मानून समकालीन कामे मिळवली. ऑगस्ट १९८१ मध्ये, कामगारांच्या सॉलिडॅरिटी चळवळीच्या ऐन भरात, जर्मन कलावंत योझेफ बॉइस आपली शेकडो कामे लाकडी खोक्यात भरून वूचला आला आणि ती संग्रहालयाला देऊन गेला. पन्नास वर्षांपूर्वीच्या दानाचीच ही पुढची कडी होती. गिरण्या मात्र नव्या अर्थव्यवस्थेत तगल्या नाहीत. इझ्राएल पोझ्नान्स्कीच्या गिरणीचे आवार १९९० च्या दशकात ओस पडले, २००६ मध्ये तेथे बाजारपेठ व करमणूक संकुल उघडले, आणि २००८ मध्ये तिथल्याच एका विणकामाच्या इमारतीत संग्रहालयाची दुसरी शाखा सुरू झाली. अशा रीतीने ज्यांच्या पैशाने हा संग्रह उभा राहिला नाही त्या पोझ्नान्स्की घराण्याचा वाडा आणि माग चालण्याची जागा या दोन्ही त्याच्याच कामी आल्या.

निओप्लास्टिक दालनही परत आले. १९६० मध्ये स्त्शेमिन्स्कीचा विद्यार्थी बोलेस्वाव उत्किन याने ते पुन्हा रंगवले, आणि आज प्रेक्षक पाहतो त्या भिंती त्याच्या हातच्या आहेत; त्यांत ठेवलेले व्हान डूसबर्गचे चित्र आणि कोब्रोची पोलादी शिल्पे मात्र मूळचीच आहेत. भिंती नव्याने रंगवता आल्या, कारण ज्यांच्यासाठी त्या रंगवायच्या त्या वस्तू दहा वर्षे कोठारात जागच्या जागी होत्या.