इंजिनाला थंडावा किती हवा?

श्रोतेहो, मी इतिहासाचा अध्यापक. मोटारीच्या इंजिनावर मी बोलावे, याचे आपल्याला थोडे नवल वाटेल. पण इतिहास काही फक्त गादीवर बसलेल्यांचाच नसतो. गाडीच्या पुढच्या जाळीमागे बसलेल्या रेडिएटरलाही इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला तर खिशाला चाट बसते. हे मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे कळले.

हा विद्यार्थी पिकअप गाडीतून टोमॅटो आणि भाजीपाला बाजार समितीत पोचवतो. एका उन्हाळ्यात भरलेली गाडी घाटात तापू लागली. मिस्त्रीने इंजिनातला थर्मोस्टॅट काढून टाकला. ‘आता पाणी मोकळं फिरेल, इंजिन कायम थंड राहील,’ असे त्याने सांगितले. काटा खाली आला, सगळे खूश झाले. पण दीड वर्षाने गाडी धूर सोडू लागली, ऑइल खाऊ लागली. इंजिन उतरवून पाहिले तर लायनर झिजलेले! तो मला भेटायला आला आणि म्हणाला, “सर, त्यानंतर गाडी एकदाही तापली नाही. मग इंजिन गेलं कसं?”

या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या जन्मापासून पाहिले म्हणजे नीट उमगते.

इंजिनात जळणाऱ्या तेलाची सगळी उष्णता चाकांपर्यंत पोचत नाही. ढोबळ मानाने तिचा एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला इंजिनाच्या अंगात शिरतो. आतल्या ज्वाळेचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते. ही उष्णता कोणी वाहून नेली नाही, तर वंगण जळेल आणि पिस्टन जागच्या जागी आवळून बसेल. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवायचे, ही कल्पना मोटारीहूनही जुनी आहे.

जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिच्यात पाणी गार करण्याची सोय नव्हती. पाणी उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे, आणि जाताना उष्णता घेऊन जायचे. चुलीवरच्या आधणासारखाच प्रकार! ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला याच जातीच्या गाडीने गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे थांबून त्यांना टाकी भरावी लागली. आपल्याकडेही घाटाच्या पायथ्याशी पाण्याचा डबा घेऊन उभा असलेला क्लीनर अनेकांनी पाहिला असेल. ती परंपरा इतकी जुनी आहे.

पाणी असे उडवून न देता तेच पुन्हा पुन्हा वापरायचे, तर ते वाटेत निववायला हवे. हे कोडे विल्हेल्म मायबाख यांनी फार चांगले सोडवले. डिसेंबर १९०० मध्ये डाइमलर कारखान्यातून ‘मर्सिडीज’ नावाची ३५ अश्वशक्तीची गाडी बाहेर पडली. तिच्या रेडिएटरला मधाच्या पोळ्यासारखी घडण होती. सहा मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी अशा ८,०७० नळ्या एकाला एक जोडल्या होत्या. नळ्यांतून वारा वाहायचा आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी. वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला, की पूर्वीपेक्षा बरेच कमी पाणी पुरू लागले. मागे एक छोटा पंखाही होता, म्हणजे गाडी हळू चालली तरी वारा मिळावा. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीस येथील शर्यतींत या गाडीने नाव कमावले. आजच्या रेडिएटरचे बरेचसे मूळ इथे आहे.

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ साली आली. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, निवलेले खाली उतरते, एवढ्यावरच सारे चालले. समतल रस्त्यावर हे चालून जाई. पण ओझे आणि चढण आली की पाणी उकळे. म्हणून बाहेरच्या कारखान्यांनी या गाडीसाठी वेगळे पंप विकायला काढले. मालकाने आपल्या कामाप्रमाणे गाडीच्या थंडाव्यात फेरफार करायचे, ही गोष्ट तेव्हापासूनची. १९२५ मध्ये फोर्डने याच गाडीला मागे हौदा जोडून कारखान्यातूनच पिकअप विकायला आणली, आणि शेतमालाची वाहतूक हे तिचे रोजचेच काम झाले.

इथपर्यंत सगळ्यांची काळजी एकच होती: इंजिन तापू नये. पण हळूहळू दुसरी बाजू ध्यानात आली. तेलाच्या ज्वलनात पाण्याची वाफ आणि आम्लधर्मी वायू तयार होतात. सिलिंडरची भिंत पुरेशी ऊन असेल तर ते धुराबरोबर निघून जातात. भिंत गार असेल तर तिच्यावर ते दवासारखे साचतात आणि लोखंड खातात. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग झाले. गार इंजिन फार भराभर झिजते, हे त्यांतून स्पष्ट झाले. शिवाय गार इंजिनात तेल नीट जळत नाही, वंगणात उतरते आणि वंगण पातळ होते.

थर्मोस्टॅट हा या रोगावरचा उपाय. तो पाण्याच्या वाटेवरचा दारवान आहे. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन गार असताना दार बंद, म्हणून पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि लवकर तापते. पाणी ८०-९० अंशांच्या घरात आले की मेण वितळते, फुगते आणि दार उघडते. मिस्त्रीने या दारवानालाच घरी पाठवले. मग थंडीतली पहाट असो की बाजारापर्यंतची छोटी खेप, इंजिन कधी पुरते ऊन झालेच नाही. दीड वर्षे ते आतून गंजत, झिजत राहिले, आणि काटा मात्र सगळे ठीक आहे असे सांगत होता.

गंमत अशी, की हे ज्ञान त्या विद्यार्थ्याच्या घरातच होते. त्याच्या वडिलांनी विहिरीवर वर्षानुवर्षे ऑइल इंजिन चालवले. पंपाच्या पाण्यातलीच एक बारीक धार इंजिनात सोडायची पद्धत आपण जाणताच. म्हातारबुवा मला म्हणाले, “मास्तर, बाहेर पडणारं पानी हाताला गार लागलं की मी कॉक बारीक करायचो. पानी चांगलं ऊन आलं की इंजन खुशीत चालतं, डिझेलबी कमी खातं.”

मग घाटात गाडी तापली कशाने? रेडिएटर धुतला तेव्हा उलगडा झाला. बाहेरच्या पात्यांत चिखल आणि भुसकट गच्च बसले होते. आतून बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर होता, जसा आपल्या बंबात धरतो तसा. दोष रेडिएटरचा, शिक्षा थर्मोस्टॅटला!

तेव्हा ज्यांना गाडी दीर्घकाळ टिकवायची आहे, त्यांनी आधी रेडिएटर आतून-बाहेरून स्वच्छ करावा. पंख्याचा पट्टा आणि पाण्याचा पंप तपासावा. साध्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट पुस्तकात दिलेल्या प्रमाणात घालावे. कूलंटमधली औषधे गंज रोखतात. खरोखरच जड ओझे चढावर न्यायचे असेल, तर जास्त जाडीचा रेडिएटर किंवा मोठा पंखा बसवावा. थंड करण्याची ताकद वाढवायला हरकत नाही, पण ती आवरणारा थर्मोस्टॅट जागेवर हवाच. आणि रेडिएटरचे झाकण कसले तरी बसवू नका. ते आत दाब धरून ठेवते. हवेच्या दाबाइतका आणखी दाब असला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे जिवावर बेतू शकते. दाब सुटताच आतले पाणी एकदम उसळते आणि तोंड-हात भाजून काढते. गाडी पुरती निवू द्या, मगच झाकणाला हात लावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. गॅरेजमधून एखादा जुना थर्मोस्टॅट मागून आणा. दोऱ्याने तो पातेल्यातल्या पाण्यात टांगा, शेजारी तापमापक धरा आणि पाणी तापवा. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास तो मुलांच्या डोळ्यांदेखत उघडू लागेल, आणि गार होताच मिटेल. उघडला नाही तर तो बिघडला आहे. तो बदलून नवा घालावा, काढून मोकळे सोडू नये. माझ्या विद्यार्थ्याने नव्याने बांधलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट घालण्याआधी हीच परीक्षा घेतली. पातेले घरचेच होते, आणि शेजारी वडील पाहत बसले होते.