ठराव झाला, पण पाणी मिळाले का?



4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली वा चालणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावीत, असा तो ठराव. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी सनातन्यांच्या धाकामुळे त्या पाण्याला आपल्याला हात लावता येत नव्हता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारोंसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा कागदावरचा हक्क वापरात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्षही बाबासाहेबच होते.

हा इतिहास आज विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लावून पाहा.

अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये सुरू झाले. पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचे, ज्यांचा जन्म आपल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. बाबा स्वतः शाळा शिकले नाहीत, पण 1949 मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. अशा माणसाचे नाव मिरवणाऱ्या विद्यापीठाचे ज्ञान शेंडगावच्या पोरीपर्यंत पोहोचायला नको का?

केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना 2025 पासून लागू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, सुमारे 13,000 नियतकालिके. हा पैसा जनतेचा आहे, म्हणजे बोले ठरावाचे तत्त्व इथेही लागू होते. पण अशी नियतकालिके अनेकदा फक्त विद्यापीठाच्या आवारातील नेटवर्कवरच उघडतात. अमरावतीत खोली करून राहणारा वाचतो. अंजनगावहून एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी मोडून जाणारा मागे राहतो. दारावर जात कोणी विचारत नाही, पण बाहेर कोण राहिले ते मोजून पाहा.

म्हणून संकेतस्थळ हा केवळ तांत्रिक विषय नाही. आपल्या मागण्या साध्या आहेत :

1. प्रत्येक नोंदणीकृत विद्यार्थ्याला, संलग्न महाविद्यालयातील असला तरी, घरून लॉगिन मिळावे.
2. ग्रंथसूचीत देवनागरीत शोध घेता यावा. 'कोहा'सारख्या मोफत प्रणालीत ही सोय होते.
3. संकेतस्थळ साध्या मोबाइलवर, कमी डेटात उघडावे. अंध विद्यार्थ्यांच्या वाचक-सॉफ्टवेअरलाही ते वाचता यावे.
4. शोधगंगेवरील प्रबंध आणि 1979 पासून महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड यांचे दुवे पहिल्याच पानावर, मराठी सूचनांसह असावेत. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला 'कुठे शोधू' हे सांगणारे घरी कोणी नसते.
5. बदल करण्याआधी विद्यार्थ्यांना समोर बसवून एक पुस्तक शोधायला सांगावे. ते कुठे अडतात, ते पाहून दुरुस्ती करावी.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच सांगतो की ग्रंथ वापरासाठी असतात. जपून ठेवण्यासाठी नव्हे.

आपापल्या गावातील विद्यार्थ्यांना जमवा. कोणाला काय उघडले नाही याची यादी करा आणि ग्रंथपालांना लेखी निवेदन द्या. पोच घ्यायला विसरू नका. महाडचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता. लोक चालत तळ्यावर गेले, तेव्हा तो खरा झाला.

जयभीम!