गॅमा किरण स्फोट आणि दीर्घिकांमधील चुंबकत्व

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भूपृष्ठावर सुमारे अर्धा गॉस भरते. आपल्या आकाशगंगेतील क्षेत्र त्याच्या साधारण एक लाखांश आहे. दीर्घिकांच्या दरम्यान पसरलेल्या विशाल पोकळ्यांत मात्र ते गॉसच्या अब्जांशाहूनही क्षीण असावे, असे मानले जाते. इतके क्षीण क्षेत्र थेट मोजण्याचे साधन नाही. तरीही त्याचा शोध महत्त्वाचा ठरतो. दीर्घिकांमधील वायूच्या हालचालींमुळे चुंबकत्व वाढू शकते, पण त्यासाठी आधी बीजरूप क्षेत्र लागते. हे बीज विश्वाच्या आरंभकाळी निर्माण झाले, की पुढे ताऱ्यांतून व दीर्घिकांतून बाहेर फेकले गेले? दीर्घिकांपासून दूरच्या पोकळ्यांत या प्रश्नाचे उत्तर जपलेले असू शकते.

या शोधाचे साधन म्हणजे अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण. ताऱ्यांपासून आलेला प्रकाश दीर्घिकांच्या दरम्यान सर्वत्र विखुरलेला असतो. त्यातील कणांवर आदळून गॅमा किरणाचे इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन या जोडीत रूपांतर होते. ही जोडी महास्फोटानंतर उरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाला ऊर्जा देते आणि त्यातून कमी ऊर्जेचे नवे गॅमा किरण जन्मतात. वाटेत चुंबकीय क्षेत्र असेल, तर जोडीतील कणांचा मार्ग वळतो. त्यामुळे नवे किरण वळसा घालून, मूळ किरणांच्या मागून पृथ्वीवर पोहोचतात. क्षेत्र जितके प्रबळ, तितका विलंब अधिक आणि हा ‘प्रतिध्वनी’ तितका मंद. विलंबावरून क्षेत्र मोजण्याची ही कल्पना रायनर प्लागा यांनी १९९५ मध्ये मांडली.

२०१० मध्ये नेरोनोव्ह व व्होव्क यांनी ब्लेझार या दीर्घिकांच्या निरीक्षणांत असे दुय्यम किरण अपेक्षेप्रमाणे दिसत नाहीत, यावरून क्षेत्राची किमान मर्यादा काढली. मात्र ब्लेझार किती काळापासून तळपत आहेत, हे ठाऊक नसते. त्यामुळे उशिरा निघालेला प्रकाश अद्याप वाटेत असण्याची शक्यता उरते. गॅमा किरण स्फोटाला मात्र निश्चित आरंभक्षण असतो, म्हणून विलंब अचूक मोजता येतो.

९ ऑक्टोबर २०२२ रोजी नोंदला गेलेला ‘जीआरबी २२१००९ए’ हा आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट ठरला. त्याचा प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. चीनमधील ‘लासो’ वेधशाळेने पहिल्या ३,००० सेकंदांत ६४,००० हून अधिक अत्युच्च ऊर्जेचे फोटॉन टिपले. त्यानंतर अभ्यासकांनी फर्मी अवकाश दुर्बिणीच्या नोंदींत प्रतिध्वनीचा शोध घेतला. तथापि स्फोटानंतरची स्वतःची झळाळीही याच ऊर्जेत दिसत असल्याने दोन्ही वेगळे करणे कठीण असते. २०१९ मधील ‘जीआरबी १९०११४सी’ या स्फोटाबाबतही मर्यादा काढण्याचे प्रयत्न झाले. पण उपलब्ध नोंदी त्यासाठी पुरेशा संवेदनशील आहेत का, यावर अभ्यासकांत मतभेद झाले.

म्हणूनच आता अधिक तेजस्वी स्फोटांची आणि तातडीने वळणाऱ्या दुर्बिणींची आवश्यकता आहे. मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्राच्या पुढाकारातून लडाखमधील हानले येथे उभारलेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या २१ मीटर व्यासाच्या ‘मेस’ दुर्बिणीचाही अशा किरणांच्या निरीक्षणात वाटा असणार आहे.